संप सुरू आहे, मग आत काम कोण करतंय?

संप किंवा टाळेबंदीच्या काळात बाहेरून माणसे, म्हणजे बदली कामगार, आणून काम चालू ठेवायला बंदी घालणारे कायदे काही देशांत आहेत, काही देशांत अर्धेमुर्धे आहेत, तर काही ठिकाणी अजिबात नाहीत. कॅनडाचा संघीय कायदा २० जून २०२५ पासून लागू झाला, तेव्हापासून या विषयावरचे प्रश्न वाढले आहेत. त्यातले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : बदली कामगारांवर बंदी म्हणजे संप सुरू झाला की मालकाने कुलूपच लावायचे का?

नाही. हा गैरसमज दोन्ही बाजूंना असतो आणि त्यामुळे पहिल्याच आठवड्यात नको ते वाद होतात. बंदी कामावर नसते, ठरावीक माणसांनी ते काम करण्यावर असते. जुने व्यवस्थापक, पर्यवेक्षक आणि कार्यालयातले लोक आत राहून जमेल तेवढे काम करू शकतात. गोदामातला तयार माल विकता येतो. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी उत्पादन घसरते, पण दिवे चालूच असतात.

कोण चालेल आणि कोण नाही, हे ठरवताना तीन गोष्टी बघतात : माणूस कधी नेमला, तो कुणाच्या पगारावर आहे, आणि त्याची नेहमीची कामाची जागा कोणती. कॅनडाच्या संघीय कायद्यात सगळी गणिते वाटाघाटीच्या नोटिशीच्या तारखेपासून सुरू होतात, संपाच्या तारखेपासून नाही. जुना करार संपायच्या आधीच्या चार महिन्यांत ही नोटीस कधीही देता येते. म्हणजे संप व्हायच्या कितीतरी आधी रेघ ओढली गेलेली असते.

समजा, नोटीस १ मार्चला दिली आणि संप जुलैत झाला. २० फेब्रुवारीला रुजू झालेला व्यवस्थापक संपकऱ्याच्या यंत्रावर उभा राहू शकतो; १० मार्चला रुजू झालेला नाही, मग त्याच्या नेमणूकपत्रावर पद काहीही लिहिलेले असो. दुसऱ्या शाखेत वीस वर्षे नोकरी केलेला जुना कर्मचारी चालेल का? तोही नाही, कारण त्याची नेहमीची जागा वेगळी आहे. त्याची बदली १ मार्चनंतर इथे करून घेतली तरी उपयोग नाही. स्वयंसेवक आणि शिकाऊ विद्यार्थी यांचीही वाट बंद आहे. 'पगारच देत नाही, मग कामगार कसा?' हा बचाव त्यामुळे टिकत नाही.

एक मर्यादा लक्षात ठेवा. हा कायदा बँका, दूरसंचार, विमान, रेल्वे, बंदरे, प्रांतांच्या सीमा ओलांडणारी मालवाहतूक अशा संघीय अखत्यारीतल्या उद्योगांना लागू आहे. त्यांत सुमारे दहा लाख लोक काम करतात. कॅनडातला साधा कारखाना किंवा दुकान प्रांतिक कायद्याखाली येते. तिथे क्यूबेकमध्ये १९७८ पासून, ब्रिटिश कोलंबियात १९९३ पासून बंदी आहे आणि मॅनिटोबाने २०२४ मध्ये ती आणली. ऑन्टारियोत ती १९९३ मध्ये आली आणि सरकार बदलताच १९९५ मध्ये गेली. नातेवाईक 'कॅनडात' नोकरीला आहे एवढ्यावर उत्तर देता येत नाही. कंपनी काय करते आणि प्रांत कोणता, हे आधी विचारा.

प्रश्न : आमच्याकडे ठेकेदाराची माणसे आधीपासूनच आहेत. संपात ती काम करत राहिली तर तो भंग होतो का?

तक्रारी सगळ्यात जास्त इथेच फसतात, म्हणून थोडे सविस्तर.

संघीय कायद्यानुसार ठेकेदार किंवा दुसऱ्या मालकाचा कर्मचारी संपकऱ्यांचे काम करू शकत नाही. पण वाटाघाटीच्या नोटिशीआधीपासून तो तेच किंवा जवळपास तेच काम करत असेल, तर त्याला ते चालू ठेवता येते. अट अशी की प्रमाण तेवढेच आणि परिस्थिती तीच असली पाहिजे. आधी दोन पाळ्यांत मिळून सहा माणसे येत असतील तर सहाच यायला हवीत. सहाची बारा झाली, दोन पाळ्यांच्या तीन झाल्या, किंवा फक्त सामान उतरवणारा माणूस आता बिलेही फाडू लागला, की सवलत संपली.

वाचायला हे सोपे आहे, सिद्ध करायला नाही. 'आधी सहाच होते' हे सांगणार कोण? ठेकेदाराची हजेरी मालकाकडे असते. युनियनकडे बहुधा लोकांच्या आठवणी असतात, आणि सुनावणीत आठवणींचे वजन कमी पडते. म्हणून नोटीस द्यायच्या आठवड्यातच पाळीनिहाय तक्ता करून ठेवावा : कोणत्या विभागात, कोणत्या ठेकेदाराची किती माणसे, नेमके कोणते काम, किती ते किती. त्यावर त्या त्या विभागातल्या दोन सभासदांच्या तारखेसह सह्या घ्याव्यात. जमल्यास तोच तक्ता पत्रासोबत व्यवस्थापनाला पाठवावा. त्यांनी आक्षेप घेतला नाही तर पुढे तो भक्कम पुरावा ठरतो, आणि आक्षेप घेतला तर वाद कशावर आहे ते संपाआधीच कळते.

प्रश्न : भट्टी थंड झाली तर ती फुटते. शीतगृह बंद पडले तर माल सडतो. अशा ठिकाणी मालकाने काय करायचे?

कॅनडाच्या संघीय कायद्यात त्यासाठी अपवाद आहेत, पण ते अरुंद आहेत. कुणाच्या जिवाला, आरोग्याला किंवा सुरक्षिततेला धोका असेल, मालमत्तेचा नाश किंवा गंभीर नुकसान होणार असेल, किंवा पर्यावरणाची गंभीर हानी होणार असेल, तर बाहेरची माणसे वापरता येतात. मात्र ठेकेदाराला बोलावण्याआधी संपावर असलेल्या कामगारांनाच ते काम करण्याची संधी द्यावी लागते. हा टप्पा गाळणारा मालक धोका खरा असूनही अडचणीत येतो. क्यूबेकचा कायदा तर स्पष्टच सांगतो की फक्त जतनाचे काम करायचे, उत्पादन चालू ठेवण्याचे नाही. भट्टी गरम ठेवा, पण त्यातून माल काढू नका.

खरी तयारी याच्या आधी करायची असते. संघीय कायद्यानुसार वाटाघाटीची नोटीस दिल्यापासून १५ दिवसांत दोन्ही बाजूंनी मिळून किमान सेवांचा करार करायचा : संपातही कोणते काम चालू राहील, किती माणसे आणि कोणत्या पद्धतीने. काहीच चालू ठेवायची गरज नसेल तर तसेही लिहावे लागते. वरच्या उदाहरणात ही मुदत १६ मार्चला संपते. करार झाला नाही तर प्रकरण कॅनडाच्या औद्योगिक संबंध मंडळाकडे जाते आणि मंडळाने ८२ दिवसांत निकाल द्यायचा असतो. हा करार किंवा मंडळाचा निकाल हातात नसेल तर संपाची ७२ तासांची नोटीसच देता येत नाही. टाळेबंदीलाही हाच नियम आहे.

मतदान झाले, वातावरण तापले, आणि मग कळते की १५ दिवसांचा कागद कुणी केलाच नव्हता. अशा वेळी अडकते ती युनियन. मालकाला वेळ मिळालेला हवाच असतो. त्यामुळे मागणीपत्राच्या मसुद्यासोबतच या कराराचाही मसुदा तयार ठेवावा.

प्रश्न : आमच्यातलेच काही जण संप मोडून आत जायला तयार आहेत. त्यांना कायदा अडवतो का?

देशागणिक उत्तर बदलते. कॅनडाच्या संघीय कायद्यात सगळ्या युनिटने, म्हणजे एका करारात येणाऱ्या सगळ्या कामगारांनी, पूर्ण काम बंद केले असेल तर मालक त्याच युनिटमधल्या माणसाला कामावर घेऊ शकत नाही, तो स्वतःहून आला तरीही. किमान सेवांच्या करारात ठरलेले काम तेवढे वगळले आहे. संप अर्धवट असेल, म्हणजे फक्त जादा तास बंद किंवा एकाच पाळीचा संप, तर ही बंदी त्या रूपात लागू होत नाही. काम करणारे सभासद कामावर असणारच. संपाचे स्वरूप ठरवताना हा फरक डोक्यात असू द्या. अमेरिकेत मात्र सभासदाने आत जाणे कायदेशीर आहे.

प्रश्न : बाहेरच्या जागेतून काम करून घेतले तर? वृत्तपत्र, कॉल सेंटर, हिशेबाचे काम कुठूनही होते.

क्यूबेकचा धडा इथे उपयोगी पडेल. माँट्रियालच्या 'जर्नाल द माँट्रियाल' या दैनिकाने जानेवारी २००९ मध्ये २५३ कर्मचाऱ्यांना टाळेबंदीत बाहेर काढले. वाद फेब्रुवारी २०११ पर्यंत चालला आणि त्या काळात अंक निघत राहिला. १९७० च्या दशकात लिहिलेल्या क्यूबेकच्या कायद्यात 'आस्थापनेत' केलेल्या कामावर बंदी होती. मजकूर आस्थापनेच्या भिंतीबाहेरून येत होता, आणि न्यायालयाने तो बंदीत धरला नाही.

कारखान्याचे फाटक डोळ्यांपुढे ठेवून ज्यांनी कायदा लिहिला त्यांना तारेवरून येणारी बातमी दिसली नव्हती, एवढाच याचा अर्थ. तुमच्या कायद्यात बंदी जागेवर आहे की कामावर, हे आधी वाचा. 'संपकऱ्याचे काम करणारी व्यक्ती' असे शब्द असतील तर ती व्यक्ती कुठे बसली आहे याला कमी महत्त्व उरते. 'संपाच्या ठिकाणी' असे असेल तर दुसऱ्या इमारतीतला संगणक पळवाट ठरू शकतो. दक्षिण कोरियाच्या कायद्याने ही फट वेगळ्या पद्धतीने बुजवली आहे. तिथे संपामुळे थांबलेल्या कामासाठी उद्योगाबाहेरची माणसे घेता येत नाहीतच, शिवाय ते काम उपठेक्यावर देण्यालाही मनाई आहे. अत्यावश्यक सार्वजनिक सेवांना अपवाद आहे, आणि त्यातही संपकऱ्यांच्या निम्म्यापर्यंतच माणसे घेता येतात.

प्रश्न : यंत्राने किंवा सॉफ्टवेअरने काम करून घेतले तर तो 'बदली कामगार' होतो का?

बहुतेक कायदे 'व्यक्ती'बद्दल बोलतात, म्हणून साधारणपणे नाही. स्पेनमध्ये यावर बराच खल झाला. तिथे १९७७ पासून बाहेरून माणसे आणण्याला बंदी आहे आणि न्यायालयांनी आतल्या माणसांना संपकऱ्यांच्या कामावर हलवण्यालाही मर्यादा घातल्या. पण २०१७ मध्ये एका दूरचित्रवाणी वाहिनीच्या प्रकरणात घटनात्मक न्यायालयाने सांगितले की संपावर नसलेल्या कर्मचाऱ्यांनी कंपनीकडे आधीच असलेली तांत्रिक साधने वापरून प्रक्षेपण केले तर संपाच्या हक्काचा भंग होत नाही. वाटाघाटीत हा मुद्दा काढायचा असेल तर तो करारातच लिहून घ्यावा लागेल, कायद्याच्या भरवशावर राहू नये.

प्रश्न : अमेरिकेत संप केला तर नोकरी कायमची जाते, हे खरे का?

जाऊ शकते, पण सरसकट नाही. १९३८ च्या 'मॅके रेडिओ' निकालापासून तिथे खासगी क्षेत्रात पगार आणि सुविधांसाठीच्या संपात मालक कायमस्वरूपी बदली माणसे नेमू शकतो. संप संपला तरी त्या माणसांना काढून जुन्यांना घेण्याची सक्ती नाही. संपकरी मात्र बडतर्फ ठरत नाही. तो प्रतीक्षेत राहतो आणि जागा रिकामी झाली की आधी त्याला बोलवावे लागते. त्यासाठी त्याने 'बिनशर्त कामावर यायला तयार आहे' असे कळवलेले असावे लागते. हे नेहमी लेखी द्यावे. 'मागण्या मान्य झाल्या की येतो' असे लिहिले तर ती बिनशर्त तयारी होत नाही, आणि बोलावणे येण्याचा हक्क तिथेच अडतो.

संप मालकाच्या अनुचित प्रथेविरुद्ध, म्हणजे कायद्याने मनाई केलेल्या वागणुकीविरुद्ध, असेल तर चित्र उलटे होते : संपकऱ्याला परत घ्यावेच लागते, मग बदली माणसाला काढावे लागले तरी चालेल. त्यामुळे संपाचे कारण ठरावात आणि फलकावर काय लिहिले आहे, याला तिथे फार किंमत आहे. १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी कायमची बदली माणसे नेमणाऱ्या कंपन्यांना सरकारी कंत्राटांपासून दूर ठेवण्याचा आदेश काढला होता. पुढच्याच वर्षी न्यायालयाने तो रद्द केला.

प्रश्न : टाळेबंदी मालकाने केली, आणि काम मात्र दुसऱ्यांकडून चालू. हे कुठे चालते?

आमच्या मते बंदीची गरज सगळ्यात जास्त इथेच आहे. कामगार कामावर यायला तयार असतो, दार मालकाने बंद केलेले असते, आणि मग त्याच दाराने दुसरी माणसे आत जातात. तरीही अनेक कायदे संपाबद्दल बोलतात आणि टाळेबंदीबद्दल गप्प बसतात.

क्यूबेक, ब्रिटिश कोलंबिया आणि कॅनडाचा संघीय कायदा दोन्हींना सारखेच लागू आहेत. दक्षिण आफ्रिकेत तर साध्या संपात बदली माणसे चालतात, पण मालकाने स्वतःहून केलेल्या टाळेबंदीत चालत नाहीत. टाळेबंदी संपाला उत्तर म्हणून केली असेल तर मात्र मुभा आहे. यातून साहजिकच प्रश्न निघाला की संप थांबल्यावर ही मुभा उरते का. २०२३ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती उरत नाही असा निर्णय दिला : युनियनने संप स्थगित केल्यावर मालकाने टाळेबंदी चालू ठेवून बदली माणसे वापरली, ते चुकीचे ठरले. अमेरिकेत टाळेबंदीत तात्पुरती माणसे चालतात, कायमची नाहीत.

प्रश्न : ब्रिटन आणि जर्मनीतही बंदी आहे ना?

आहे, पण ती पुरवठादार संस्थांच्या मार्गावर. ब्रिटनमध्ये मनुष्यबळ पुरवणाऱ्या संस्थेने संपकऱ्यांच्या जागी माणसे देऊ नयेत असा नियम आहे. जुलै २०२२ मध्ये सरकारने तो काढला, जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने ते काढणे रद्द ठरवले आणि १० ऑगस्ट २०२३ पासून नियम परत आला. मालकाने थेट स्वतः भरती केली तर या नियमाचा भंग होत नाही. जर्मनीत १ एप्रिल २०१७ पासून पुरवठादाराच्या कामगाराला संपकऱ्याच्या कामावर लावता येत नाही. दंड ५ लाख युरोपर्यंत आहे.

प्रश्न : भारतात अशी बंदी आहे का?

आहे, आणि ती फार जणांना माहीत नसते, कारण ती कलमात नसून अनुसूचीत आहे. 'बेकायदेशीर नसलेला संप चालू असताना कामगारांची भरती करणे' ही मालकाची अनुचित कामगार प्रथा ठरते. महाराष्ट्राने हे १९७१ च्या अनुचित प्रथा कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत लिहिले होते. पुढे केंद्राच्या औद्योगिक विवाद अधिनियमाच्या पाचव्या अनुसूचीत ते आले, आणि आता औद्योगिक संबंध संहिता, २०२० च्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पहिल्या गुन्ह्याला दंड १० हजार ते २ लाख रुपये. कॅनडात हाच दंड दिवसाला १ लाख डॉलरपर्यंत जातो, हे शेजारी ठेवून पाहा.

सगळी मदार 'बेकायदेशीर नसलेला' या शब्दांवर आहे. संहितेनुसार संपाआधी १४ दिवसांची नोटीस लागते, समेटाची कार्यवाही चालू असताना संप करता येत नाही, आणि निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तोही संपच धरला जातो. नोटिशीविना सामूहिक रजा टाकली की संप बेकायदेशीर, आणि भरतीवरची बंदी त्याच क्षणी निकामी.

दुसरी फट 'भरती' या शब्दात आहे. नवा माणूस घेतला तर प्रश्न नाही. आधीपासूनच्या कंत्राटी कामगाराला दुसऱ्या यंत्रावर उभे केले तर ती भरती का, यावर मालक हमखास वाद घालतो. अशा वेळी त्याच अनुसूचीतली आणखी एक बाब जोडून मांडावी : संप मोडण्यासाठी नियमित काम बंद करून ते ठेकेदाराला देणे. टाळेबंदी या बाबीत नाही. कायदेशीर संपावरून परतताना प्रत्येकाकडून चांगल्या वर्तनाचा बाँड मागणे हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे. फाटकावर सही करण्याआधी एवढे तरी माहीत असावे.

प्रश्न : बंदीमुळे संप कमी होतात की लांबतात?

१९६७ ते १९९३ या काळातल्या कॅनडातील मोठ्या खासगी करारांच्या अभ्यासात बंदी असताना संप जास्त आणि लांब, आणि पगारवाढही जास्त, असे आढळले. पण त्या काळात बंदी बराच वेळ एकट्या क्यूबेकमध्येच होती, तेव्हा बंदीचा परिणाम कोणता आणि क्यूबेकचा स्वभाव कोणता, हे वेगळे काढणे अवघड आहे. फाटकावरची मारामारी मात्र बदली माणसांच्या बसमुळेच पेटते, हे दोन्ही बाजूंचे अनुभवी लोक मान्य करतात.

प्रश्न : आत बाहेरची माणसे दिसताहेत. तक्रार कशी करायची?

आधी आपला संप कायदेशीर आहे ना, ते तपासा : नोटिशीची पोच, मतदानाचा ठराव, किमान सेवांचा करार. समोरचा वकील पहिला बाण इथेच मारतो.

मग नोंदी. फाटकावर प्रत्येक पाळीला दोन जण नेमून एक वही ठेवा. वेळ, आत गेलेल्यांची संख्या, गाडी कुणाची, गणवेशावर कोणत्या संस्थेचे नाव, आणि कोणी ओळखीचा असेल तर तो आधी कुठे काम करत होता. 'बरीच माणसे आली' अशी नोंद निरुपयोगी, '६.५०, पांढरी व्हॅन, ७ जण, पॅकिंगच्या दाराने' ही उपयोगी. फोटो सार्वजनिक रस्त्यावरून काढा, आत घुसून नाही. कुणाला अडवू नका, धमकावू नका. तसे झाले तर मालक मनाईहुकूम आणतो आणि वही बाजूला पडते.

नोंदींत तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत : ही अमुक व्यक्ती, ती संपकऱ्याचे अमुक काम करते, आणि ती मुभा असलेल्यांपैकी नाही. पहिली फाटकावर कळते. दुसरी फाटकावर दिसत नाही, त्यासाठी बाहेर पडलेल्या मालावरच्या तारखा, पाठवलेली बिले, ग्राहकाला आलेले फोन अशा खुणा गोळा कराव्या लागतात. तिसरीसाठी नोटिशीच्या आठवड्यात केलेला तो तक्ता. क्यूबेकमध्ये मंत्रालयाकडे तपासनीस मागता येतो आणि तो आत जाऊन पाहतो. तिथे त्याच दिवशी अर्ज करा, कारण तो येईपर्यंत माणसे हलवलेली असू शकतात. संघीय कायद्याखाली तक्रार औद्योगिक संबंध मंडळाकडे जाते. अर्जात पहिली मागणी वापर ताबडतोब थांबवण्याच्या आदेशाची ठेवा. खटला आणि दंड हा वेगळा आणि लांबचा रस्ता आहे, आणि संप तोवर थांबत नाही.